सुनचांगवालीची जीभ

जोंग-इमनं कोबीच्या पानाचा पांढरा देठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हळूहळू वाकवला. देठ मोडला नाही. त्याची दोन टोकं एकमेकांना टेकली आणि सोडल्यावर तो निम्मा उघडून तसाच राहिला. कमी मुरलेला देठ कट्कन मोडतो, जास्त मुरलेला पुन्हा उघडतच नाही. काल संध्याकाळी पाच वाजता मिठाच्या पाण्यात घातलेले ऐंशी गड्डे आज सकाळी सातला, बरोबर चौदा तासांनी, हवे तसे झाले होते.

"झालं का?" सासूबाईंनी घरापुढच्या ओट्यावरून विचारलं.

"झालं, आई."

"दाखव."

ती पान घेऊन ओट्यापाशी गेली. सासूबाईंनीही देठ वाकवून बघितला आणि मान डोलावली. इथपर्यंत दोघींचं नेहमी जमायचं. मग सासूबाईंनी पानाचा तुकडा तोडून तोंडात टाकला, दोन-तीनदा चावला.

"फिकं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तीन पाण्यांनी नको धुऊस. दोनच पुरेत."

"बरं," असं म्हणून जोंग-इम नळापाशी गेली आणि तिनं तीन पाण्यांसाठी तीन टपं भरायला घेतली.

हा तिचा चौथा हिवाळा होता, असं वागण्याचा. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना मोठा ताप आला होता. तापातून त्या उठल्या, चालू लागल्या, मिरच्यांची रोपं लावू लागल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. त्या हिवाळ्यात किमची, म्हणजे या कोबीचं वर्षभराचं तिखट लोणचं, जरा खारट झाली. पुढच्या वर्षी आणखी. तिसऱ्या वर्षी जोंग-इमनं डब्यांमध्ये थरांच्या मधे मुळ्याचे मोठे तुकडे दडपले, म्हणजे ते मीठ ओढून घेतील. सासूबाईंनी ते बघितले आणि म्हणाल्या, "पैसे वाचवतेस का कोबीचे? लोक म्हणतील सुनचांगवालीनं मुळे भरून डबे दिले." तुकडे काढावे लागले.

गावात बायकांना त्यांच्या माहेरच्या गावानं ओळखायची पद्धत होती. सासूबाई सुनचांगच्या. सुनचांगची पोर म्हणजे लोणची-खारवणात जन्मलेली, तिच्या जिभेशी वाद कोण घालणार? लग्न होऊन आल्याला सदुसष्ट वर्षं झाली, तरी अजून त्या सुनचांगवालीच होत्या.

हादोंगवाली शेजारीण स्वतःचे हातमोजे घेऊन फाटकातून आत आली. तिनं फुलाफुलांची, आतून लोकर लावलेली विजार घातली होती.

"आक्का, आहात ना अजून?" तिनं ओट्याकडे बघून विचारलं.

"तू माझ्या हातची फुकट खायची थांबलीस की जाईन."

"मग शंभरी गाठाल."

"सुरा आणलास का?"

"विसरले."

"दरवर्षी विसरतेस. तोंड मात्र एक दिवस घरी विसरत नाहीस."

हादोंगवाली हसत हसत नळापाशी येऊन उकिडवी बसली. दोघी जणी गड्डे धुऊ लागल्या. पाणी इतकं थंड होतं, की हातमोज्यातूनही बोटांची पेरं दुखत होती. जोंग-इमचा नवरा पान्सोक हातगाडीवरून मुळे आणत होता आणि भिंतीकडेला रचत होता. तिसऱ्या टपातून निघालेला प्रत्येक गड्डा जोंग-इम उलटा करून चाळणीच्या फळीवर ठेवी. पाणी निथळायला चार तास लागत. बाराव्या की तेराव्या गड्ड्यापाशी हादोंगवालीचा हात मंदावला.

"जोंग-इम, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सांगा ना."

"विरंगुळा केंद्रात यंदा तुमचे डबे घ्यायचे नाहीत असं ठरलंय. किमची बाहेरून मागवलीय. सोमवारी येईल. आक्कांना सांगणार आहेत, की केंद्राचा फ्रीज बिघडलाय."

गावातले अठरा म्हातारे-म्हाताऱ्या हिवाळाभर दुपारचं जेवण केंद्रात एकत्र जेवत. त्यांना लागणारी किमची याच घरातून जायची. आजच्या ऐंशी गड्ड्यांपैकी तीस त्यांचे होते. हे किती वर्षं चाललंय, हे तिला आठवत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हाही चालूच होतं.

"गेल्या वर्षीच्या किमचीचं काय केलंत?"

"खाल्ली की. धुऊन खाल्ली."

"धुऊन?"

"दोन पाण्यांतून काढायची, पिळायची, तिळाचं तेल लावायचं. टाकून कशी देणार? पण केंद्रातल्या निम्म्या लोकांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत गं." हादोंगवालीनं ओट्याकडे नजर टाकली. "आक्का आमच्यातच बसून जेवायच्या. तीच धुतलेली खायच्या. आणि म्हणायच्या, यंदा छान मुरलीय."

जोंग-इमच्या हातातल्या गड्ड्यातून पाणी गळत होतं. तो तिनं फळीवर ठेवला आणि दुसरा उचलला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला माहीत नव्हतं होय?" हादोंगवाली म्हणाली.

जोंग-इमनं गड्डा तिसऱ्या टपात बुडवला. तिला माहीत होतं. ती तालुक्याच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तेवीस वर्षं काम करत होती. एकशे चाळीस मुलांचं सूप रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी मिठाच्या मीटरनं मोजायचं, आकडा फळ्यावर लिहायचा, शून्य पूर्णांक सहा टक्क्यांच्या वर गेला तर पाणी वाढवायचं. घरची किमची ती तीन वर्षं मोजत होती. तिला आकडे पाठ होते. त्यांचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

कारण या घरात जिवंत माणसाकडून चव बघायचा मान कुणी काढून घेतला नव्हता. सासूबाईंच्या सासूबाई शेवटच्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळल्या होत्या, तरी मसाला बशीत घालून आत न्यावा लागे. त्या चाखायच्या, "अजून एक पळी" असं म्हणायच्या, मग बाहेर एक पळी पडायची. त्या गेल्या तेव्हा सुनचांगवाली एक्कावन्न वर्षांची होती. स्वतःच्या जिभेनं मसाला केला तो त्यानंतर. जोंग-इम आता अठ्ठावन्न वर्षांची होती, आणि आपल्याला घाई झालीय असं कुणाला वाटू नये एवढीच तिला काळजी होती.

साडेदहाला ग्वांगजूहून नणंद आली. मीसुकनं गाडीच्या डिकीतून सहा रिकामे डबे काढले. डबे चकचकीत होते. सासूबाई उठून फाटकापर्यंत गेल्या, लेकीच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "वाळलीस."

"चार किलो वाढलेय, आई."

"तोंडावर कुठं दिसतंय?"

अंगणात निळी ताडपत्री अंथरली गेली. मधोमध भलंमोठं लाल प्लॅस्टिकचं टप ठेवलं. आता सासूबाई ओट्यावरून उतरल्या आणि टपाशेजारी पाटावर बसल्या. पान्सोकनं मुळ्याचा कीस आणून ओतला, पांढरा, ओला डोंगर. त्यावर लाल तिखट पडलं. शरदातल्या उन्हात ओट्यावर वाळवलेल्या मिरच्यांचं तिखट, गोडसर वासाचं. सासूबाईंनी कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले आणि कीस खालून वर घेत हलवू लागल्या. पांढरा डोंगर आधी गुलाबी, मग भगवा, मग गडद लाल झाला. चिकट तांदळाची गार पेज, लसूण, आलं, किसलेली नाशपाती, कांद्याची पात, मोहरीची पानं, खारवलेला जवळा. एकेक जिन्नस त्या मागत होत्या आणि जोंग-इम पुढं करत होती.

या वासासाठी जोंग-इम वर्षभर थांबायची. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिला शाळेतली एकशे चाळीस ताटं आवडायची नाहीत, हा एक दिवस आवडायचा. शाळेत ती मोजायची. इथं मिठाखेरीज काही मोजावंसं तिला वाटत नव्हतं.

"मासळीचं पाणी," सासूबाई म्हणाल्या.

तिनं बाटली दिली. दोन वर्षं मुरवलेल्या मासळीचं ते तपकिरी खारं पाणी सासूबाईंनी बाटली तिरकी धरून टपाच्या कडेनं फिरवत घातलं. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी अर्धी. मनगट आपोआप सरळ झालं. त्यांनी टपाकडे बघितलंही नव्हतं. त्या हादोंगवालीला, पात किती जाड चिरलीय, यावरून बोलत होत्या.

जोंग-इमला काहीतरी सुचलं. तीन वर्षं तिनं मोजलं होतं ते सगळं आटोपल्यावर, डबे भरल्यावर. या क्षणी कधी मोजलं नव्हतं.

"मांस बघून येते," असं म्हणून तिनं वाटीत थोडा रस घेतला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

आत डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे आल्याबरोबर उकडत होते. मीसुक झाकण उचलून त्यांत काडी टोचत होती. जोंग-इमनं कपाटामागून मीटर काढला. रसाचा एक चमचा, पाण्याचे नऊ. ढवळून मीटरची काडी बुडवली आणि आलेल्या आकड्याला दहानं गुणलं. चार. तिनं काडी धुऊन पुसली आणि पुन्हा बुडवली. चार. शाळेच्या फळ्यावर लिहावा, इतका नेमका आकडा होता तो. निथळलेल्या कोबीला एवढ्याच मिठाचा मसाला हवा होता. गेल्या वर्षी शेवटी सहाच्या वर गेला होता.

"काय करताय, वहिनी?"

"मीठ मोजतेय."

"आईनं बघितलं तर?" मीसुकनं दाराकडे बघितलं. "शाळेच्या सुपाबरोबर तिची किमची मोजता म्हणेल."

"वन्सं, मी आज आईंना सांगणार आहे."

"काय?"

"चव कळत नाही म्हणून."

मीसुकनं झाकण ठेवून दिलं. "नको. ऐका माझं. सत्याऐंशीची आहे ती. आणखी किती हिवाळे बघणार? खारट तर खारट. आपण खाऊ."

"तुम्ही खाता?"

"म्हणजे काय?"

"गेल्या वर्षीचे सहा डबे. खाल्लेत?"

मीसुक मांसाच्या वाफेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोन ऑफिसात दिले. एकाचं झणझणीत सूप केलं. त्यात पाणी घालता येतं."

"आणि तीन?"

"वहिनी, तुम्ही मला अपराधी करताय."

"मी अख्खी सकाळ वाकून कोबी धुतला होता, म्हणून विचारतेय." जोंग-इमचा आवाज वर गेला नाही. "तुम्ही आईंचा मान ठेवत नाही, फक्त डबे घासून परत आणता. मी तरी काय वेगळं करते? तीन पाण्यांनी धुते आणि दोन सांगते."

"मग तसंच करत राहा ना. सगळ्यांना बरं."

"केंद्रातल्यांनी यंदा नको म्हटलंय. फ्रीज बिघडला असं सांगणार आहेत. आई रोज तिथं जेवतात, वन्सं. फ्रीज चालू आहे हे कळायला त्यांना जीभ लागत नाही."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"हादोंग, जरा चाख. फिकं वाटतं ना?"

जोंग-इम दारात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी पिवळ्या कोवळ्या पानात मसाला गुंडाळून हादोंगवालीच्या तोंडात भरवला होता. हादोंगवालीचे गाल फुगले होते. सकाळी नळापाशी बसून जिनं रक्तदाबाच्या गोळ्यांचं सांगितलं, ती आता चावत होती, मान हलवत होती.

"हं," ती म्हणाली. "किंचित फिकं, आक्का."

"वाटलंच मला."

बाटली तिरकी झाली. एक पूर्ण फेरी. मग पान्सोकची पाळी. आईनं भरवलेला घास त्यानं लहान मुलासारखा तोंड मोठं करून घेतला.

"फिकंच ना अजून?"

"तुम्ही म्हणता म्हणजे असणार, आई," पान्सोक म्हणाला आणि पाण्याचा तांब्या शोधू लागला.

आणखी अर्धी फेरी.

जोंग-इम बघत होती. तिला प्रयोगातली चूक सापडावी तसं झालं. सासूबाई आपला घास नुसता जिभेला टेकवत होत्या आणि लगेच समोरच्या तोंडाकडे बघत होत्या. टपाकडे नाही, बाटलीकडे नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे, ओठांकडे, गिळताना हलणाऱ्या गळ्याकडे. त्यांच्या जिभेनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून त्या विचारत होत्या. आणि वडीलधाऱ्या माणसानं "फिकं आहे ना" असं विचारलं की या गावात "हो" म्हणायचं असतं. दरवर्षी पहिल्यांदा घातलेलं मीठ बरोबरच असणार. पुढचं सगळं या माणसांनी एकेक होकार देऊन वाढवलेलं होतं, आणि त्या होकारांत सगळ्यात मोठ्यानं म्हटलेला होकार दरवर्षी तिचा स्वतःचा असायचा.

ती पायऱ्या उतरून ताडपत्रीवर येऊन बसली.

"कुठं होतीस?" सासूबाई म्हणाल्या. "मांस शिजलं का?"

"शिजत आलंय."

"ये. तोंड उघड."

सासूबाईंनी सगळ्यात आतलं, तळहाताएवढं पिवळं पान निवडलं. त्यात मसाला ठेवला, वर एक कालव ठेवलं, पानाची घडी घातली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातही त्यांनी असाच घास केला होता. तेव्हा जोंग-इम परक्या घरात अंगणाच्या कडेला उभी होती, तोंड कसं उघडावं म्हणून लाजली होती, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, उघड गं, मी काही दात मोजत नाही. चौतीस वर्षं दर हिवाळ्यात हा घास तिला मिळत आला होता. तिची स्वतःची आई लवकर गेली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडात दुसऱ्या कुणी हातानं घास घातला नव्हता.

तिनं तोंड उघडलं.

कोबी गोड होता. कालव थंड, समुद्राच्या वासाचं. तिखट आधी गोड लागलं, मग चढलं. आणि त्या सगळ्याच्या वर मीठ पसरलं, जिभेच्या कडांवर, टाळ्याला, घशात. मीटर काढायची गरज नव्हती. पाचच्या पुढं गेलं होतं. तिनं घाई केली नाही. सगळा घास नीट चावला आणि गिळला.

सासूबाई तिच्या गळ्याकडे बघत होत्या. बाटली उजव्या हातात होती.

"फिकं आहे ना?"

हादोंगवाली खाली बघून पात गोळा करू लागली. मीसुक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान अगदी थोडी, आडवी हलवली.

"नाही, आई," जोंग-इम म्हणाली. "खारट झालंय."

सासूबाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी बाटली तशीच धरून ठेवली. "हादोंग म्हणते फिकं आहे. पान्सोक म्हणतो."

"त्यांनी तुमचं मन राखलं. गेली तीन वर्षं मीही तेच केलं."

"तीन वर्षं?"

"ताप येऊन गेला तेव्हापासून."

आत मांसाच्या भांड्यावर झाकण खडखडत होतं, ते बंद करायला कुणी गेलं नाही. सासूबाईंनी जीभ ओठांवरून फिरवली, पुन्हा एकदा फिरवली, आणि हातमोज्याच्या पाठीनं तोंड पुसलं. गालावर लाल रेघ उमटली. त्या सत्याऐंशी वर्षांच्या दिसत होत्या. त्याआधी त्या कधी तशा दिसल्या नव्हत्या.

"लोकांनी खाल्ली ना पण?" त्यांनी विचारलं.

"धुऊन खाल्ली, आक्का," हादोंगवाली म्हणाली. तिचं डोकं अजून खालीच होतं.

जोंग-इमला वाटलं, आता त्या उठतील, हातमोजे काढतील आणि आत जाऊन दार लावून घेतील. तसं झालं तर काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. पण सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी टपाकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघितलं.

"बरोबर केव्हा होतं?" त्यांनी विचारलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं दुसरीला विचारावं, तशा आवाजात.

"पहिल्यांदा तुम्ही घातलंत तेव्हा. कुणाला चाखवायच्या आधी. मी आत नेऊन मोजलं. दोनदा मोजलं."

"मी तर बघून घातलं नव्हतं."

"हो. म्हणूनच बरोबर होतं."

सासूबाईंनी उजव्या हाताकडे बघितलं, आणि मग त्यांची नजर जोंग-इमकडे आली. ती नजर कठोर नव्हती आणि मऊही नव्हती. ती वाट बघत होती.

जोंग-इमनं त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली, बूच लावलं आणि आपल्या मांडीशी उभी करून ठेवली.

"यापुढं पहिल्या खेपेला तुम्ही घालाल तेवढंच," ती म्हणाली. "कुणाला विचारायचं नाही, आई. या घराची चव आजपासून मी बघणार."